बापूची कुस्ती मी लावली

१२ फेब्रुवारी

आणि वर म्हणतो, "दिगू, पाय घसरला रं." पाय घसरला! ओली फरशी होती का ती? ताक, हळद, तेल घालून मळलेली लाल माती. तिच्यात पाय रुततो, घसरत नाही. मी आठवी नापास आहे, पण एवढं मला कळतं.

बापू, हे तुझं तिसरं कारण. आधी म्हणालास ऊन डोळ्यावर आलं. मग म्हणालास पंचानं घाई केली. आता पाय. उद्या म्हणशील हलगीवाल्यानं ताल चुकवला.

कोरडवाडीच्या जत्रेत, कोरडवाडीच्याच गड्याकडून, चहा निवायच्या आत चितपट! आख्ख्या पळसवडीचा एक पैलवान, आणि तो असा पडला जशी भिंतीला टेकवलेली खाट पडते. माझे बदाम खाऊन पडला. माझं तूप खाऊन पडला. आमच्या भागातली निम्मी पोरं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली, आणि जो तो आपल्या गावच्या पैलवानाला खुराकाचे पैसे धाडतो, ही आमच्याकडची रीत. मी जयपूरला आल्यापासून एक महिना चुकवला नाही. माझी चप्पल शिवलेली आहे आणि ह्याच्या दुधात केशर.

आणि इथं माझ्या शेजारी भट्टीवर बसतो कोण? स्वप्नील. कुठला? कोरडवाडीचा. दुकान मनोहर तात्यांचं, जौहरी बाजारामागच्या गल्लीत. तात्या म्हणजे आईचे मावसभाऊ आणि माझे मालक. कामाला आम्ही दोघंच. कुस्ती मोबाईलवर बघायला तात्यांनी भट्टी बंद ठेवलेली. मी आधीच पेढे आणून ठेवले होते. ते पेढे स्वप्नीलनं वाटले. माझे पेढे! शेजारच्या सेठलाही दिला, "लो सेठजी, हमारा पहलवान जीता." सेठ माझ्याकडं बघून म्हणतो, "बधाई हो भैया." मी काय बोलणार? म्हटलं, थँक्यू.

मग पेढा चघळत स्वप्नील म्हणाला, "दिग्या, मनाला लावून घेऊ नको. तुमच्या बापूनं पाकीट घेतलंय. नुरा हाय ती."

नुरा म्हणजे ठरवून हरलेली कुस्ती. मी त्याची कॉलर धरली. तात्यांनी सोडवलं आणि एका चांदीवाल्यानं फुकट दिलेली ही डायरी माझ्या अंगावर फेकली. "हिच्यात भांड. दुकानात नको."

म्हणून भांडतोय.

१४ फेब्रुवारी

स्वप्नीलला मारायला नको होतं. तो खरं बोलला.

कुस्ती परत बघितली. परत परत बघितली, मोबाईल तापला. बापूनं आख्ख्या कुस्तीत डावा हात खांद्याच्या वर एकदाही नेला नाही. एकदाही! सलामीची माती उजव्या हातानं घेतली, अंगाला उजव्या हातानं लावली. डावा आपला बरगडीला चिकटून, जसा दुसऱ्याचा उसना आणलाय. हाच बापू डाव्या हातानं घिस्सा मारून भल्याभल्यांना उचलायचा. ज्याला लढायचंय तो दोन्ही हातांनी लढतो. एक हात राखून लढतो तो विकला गेलेला. आणखी काय पुरावा पाहिजे?

पाठ लागल्यावर तो उठला ते तोंड वाकडं करून. नाटक पण येत नाही धड.

२१ फेब्रुवारी

आज मीच फोन केला. म्हटलं गोड बोलून काढून घेऊ. मी विचारलं, "ह्या महिन्याचा खुराक धाडू का?"

तर काय म्हणाला? "नको. सध्या राहू दे. गरज नाही."

गरज नाही! पाकीट चांगलंच जाड दिसतंय.

मागनं त्याची बहीण स्वप्ना ओरडत होती, "सांग की त्याला! किती दिवस लपवणार?" आणि ह्यानं फोनवर हात ठेवून तिला दाबली. म्हणजे घरात सगळ्यांना पाकिटाची खबर आहे. स्वप्नाला मी बरी समजत होतो.

सोनं तेजाबात टाकलं की त्यातली खोट तांबडा धूर होऊन वर जाते. धुराड्याजवळ उभं राहिलं तर घसा पोळतो. दिवसभर मनात तेच, ह्याला तेजाबात घालावा.

२ मार्च

सापडलं.

आज तात्यांनी झोटवाड्याला पाठवलं, एका कारखान्यात चांदीची पट्टी पोचवायला. बसमधून उतरून चुकीच्या गल्लीत शिरलो. पुढं पत्र्याची शेड, आतून धाप धाप आवाज. हा आवाज मला झोपेतसुद्धा ओळखू येईल. आखाडा!

आत एकजण दोरावर चढत होता. हरफूल नाव. नागौरकडचा जाट. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळत नाही. दोर संपला तेव्हा हा वैतागला, आणखी पाहिजे होता.

मी चांदीची पिशवी मांडीवर धरून तिथंच बसलो. आणि डोक्यात लख्ख पेटलं.

आमच्या पळसवडीची जत्रा एप्रिलात. मैदानात कुस्ती कुणीही लावू शकतो. इनाम आपलं, जोड आपण ठरवायची. ज्यानं लावली त्याचं नाव माईकवरून पुकारतात आणि त्याच्या घरच्या माणसाला आखाड्यात बोलावून पैलवानांचे हात त्याच्या हातानं एकमेकांना मिळवतात. मी कुस्ती लावणार. बापू विरुद्ध हा हरफूल. आख्ख्या गावासमोर, आईबापासमोर, भावकीसमोर. पडू दे आमच्याच मातीत. आणि माईकवरून सगळ्यांना ऐकू जाऊ दे, ही कुस्ती कुणी लावली ते.

मोटारसायकलसाठी ठेवलेले पैसे आहेत. तिच्यावर बसून मी जाणार होतो तरी कुठं.

९ मार्च

रविवार. हरफूलच्या उस्तादजींना भेटलो. म्हातारा बारीक आहे, पण बोलला की सगळा आखाडा गप्प. हरफूलला दक्षिणेकडच्या मैदानात खेळायची हौस आहेच. "वहां पब्लिक बहुत आती है, सुना है," म्हणाला. मी म्हटलं, माणसांनी डोंगर भरतो आमच्याकडं.

मी मोबाईल काढून बापूची कुस्ती दाखवली. उस्तादजींनी दोनदा बघितली, चष्मा वर करून. मग हरफूलला म्हणाले, "इसका बायां देख. उधर से खाली है. बायां पकड़ ले, काम खतम."

मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना चहा सांगितला. परत येताना बसमध्ये मी डावा, डावा, डावा असंच म्हणत होतो. शेजारची बाई उठून दुसरीकडं बसली.

१० मार्च

तात्यांना सांगितलं की जत्रेत कुस्ती लावतोय. कशासाठी ते नाही सांगितलं. त्यांनी पाठीवर थाप मारली. "वा! बाहेर राहून गावाची आठवण ठेवतोस. तुझ्या बापानं असंच काहीतरी करायला पाहिजे होतं."

स्वप्नील तिरका बघत होता. त्याला कळलं. तो काही येडा नाही.

"तुझ्याच पैलवानाला पाडायला बाहेरचा गडी धाडतोयस?"

"तूच म्हणालास ना नुरा."

"मी चेष्टेत म्हणालो, दिग्या."

चेष्टेत! आता घाबरला. कोरडवाडीची बिंगं फुटतील म्हणून.

२३ मार्च

जत्रा कमिटीचे राजन आण्णा फोनवर होते. म्हणाले, "बापूनं ह्या वर्षी कुणाचीच कुस्ती धरली नव्हती. घरात बसूनच असतो, तालमीत पण येईना. पण तुझं नाव सांगितलं तर म्हणाला, दिगूनं लावली असंल तर धरतो."

बघा! इनामाचा आकडा ऐकला आणि तोंडाला पाणी सुटलं. पैसा दिसला की हा कुठंही उभा राहतो, हेच तर मी म्हणतोय.

नंतर आईचा फोन. रडत होती, पण चांगलं रडणं. "गावात सगळी म्हणत्यात, पडत्या काळात दिगंबर पाठीशी उभा राह्यला. बापूची आई आली होती घरी. माझ्या पाया पडायला लागली, मी म्हटलं अगं काय करतीस." बाबांनी नवा फेटा आणलाय म्हणे. आखाड्यात हात मिळवायला त्यांनाच जायचंय.

बाबा आयुष्यात कधी मैदानाच्या दोरीच्या आत गेले नाहीत. कायम लांब, लिंबाच्या झाडाखाली.

आता काही बदलता येत नाही. आणि मला बदलायचंही नाही.

६ एप्रिल

जयपुरात ऊन तापायला लागलंय, भट्टीजवळ बसवत नाही. बापूचा मेसेज आला. फक्त हात जोडल्याचं चित्र. मी उत्तर दिलं नाही. कशाला हात जोडतो? दया मागतोय?

स्वप्नील आज जेवताना म्हणाला, "अजून वेळ हाय. राजन आण्णांना सांग, जोड बदला."

"तुझ्या कोरडवाडीचा गडी लावू का मग? परत पाकीट द्यायला?"

त्यानं ताट उचललं आणि बाहेर पायरीवर जाऊन जेवला. बरं झालं.

१२ एप्रिल

हरफूलला गाडीत बसवून आलो. तिकीट, वाटेत खायला डबा, आणि आमच्याकडं उतरल्यावर कुणाला फोन करायचा ते. सोबत उस्तादजींचा एक चेला. गाडी हलताना मी खिडकीला धरून परत सांगितलं, "बायां."

हरफूल हसला. "भैया, तुमने तो रट लगा दी. क्या बिगाड़ा है उसने तुम्हारा?"

गाडी निघाली म्हणून बरं. नाहीतर सांगायला किती वेळ लागला असता.

१५ एप्रिल

झालं. लिहितो. 

भट्टी बंद. तात्या, मी, स्वप्नील, आणि शेजारचा सेठ पण आला, म्हणे हमारे जयपुर का पहलवान है. मोबाईल सोन्याच्या तराजूला टेकवून ठेवला. आमचं मैदान दिसलं. डोंगराच्या उतारावर माणूसच माणूस. हलगी घुमत होती.

माईकवाल्यानं पुकारलं, "जयपूरचे गलाई व्यावसायिक, पळसवडीचे सुपुत्र, दिगंबर..." मी व्यावसायिक! तात्या हसले. बाबा दोरीच्या आत आले. फेटा कानावर उतरलेला. त्यांनी हरफूलचा हात धरला, बापूचा हात धरला, आणि मिळवायच्या आधी बापूच्या तोंडावरून हात फिरवला. ते काय बोलले ते मोबाईलवर ऐकू आलं नाही. बापूनं मान हलवली.

बापू वाळलाय. मांड्या उतरल्यात.

सलामी झाली. हरफूल एकदम नाही शिरला, फिरत राहिला. बापू उजवा पुढं करून. आणि मग बापूनं खाली बसून त्याचा पाय ओढला. असा ओढला की हरफूल हातावर आला! सगळा डोंगर उठला. सेठ म्हणाला, "अरे, ये तो शेर है." मी का बोलू?

मग हरफूलनं डावा धरला.

बापू ओरडला. मी बापूला लहानपणापासून कुस्ती करताना बघतोय. कान फुटला तेव्हा ओरडला नाही, बोट मोडलं तेव्हा नाही. मोबाईलच्या एवढ्याशा भोकातून तो आवाज आला.

पुढचं मला नीट आठवत नाही, स्वप्नीलनं सांगितलं म्हणून लिहितो. मी म्हणे तराजूसकट मोबाईल हातात घेऊन ओरडत होतो, "सोड! हात सोड! छोड, हरफूल, छोड!" जसं काय त्याला जयपुरातून ऐकू जाणार. आणि मग म्हणे, "उठ बापू, उजवी टांग लाव, उजवी लाव!"

असं मी ओरडलो असेन तर ते हरफूल चुकीची पकड करत होता म्हणून. एवढे पैसे घालून चुकीची पकड कोण बघेल?

हरफूलनं सोडला. त्याला पाठ लावायची होती, बापू समोर उघडा होता, एक ढकल पुरली असती. त्यानं सोडला आणि पंचाकडं बघून हात हलवला. पण बापू मागं हटेना. एका हातानं उभा. पंच मध्ये आला तर पंचालाच ढकलत होता. डोंगर नुसता गरजत होता. शेवटी राजन आण्णा आत गेले आणि कुस्ती बरोबरीत सोडवली. हरफूलनं बापूला खांद्यावर घेतलं, उजव्या बाजूनं, आणि मैदानभर फिरवलं. लोक नोटा लावत होते.

बरोबरीत! मी काय बरोबरीसाठी लावली होती?

१६ एप्रिल

गावातून फोनावर फोन. सगळे म्हणतात, अशी कुस्ती झाली नाही. सगळे म्हणतात, दिगंबरानं बापूचं नाव धुऊन काढलं. मी फोन बंद केला.

तात्यांनी आज मला भट्टीवर बसू दिलं नाही. म्हणाले, मूस पाडशील.

१९ एप्रिल

हरफूल परत आला म्हणून झोटवाड्याला गेलो. ठरवून गेलो होतो की ह्याला विचारायचं, सोडला का? पैसे कुणाचे होते?

मी तोंड उघडायच्या आधी तोच बोलला. "भैया, उसका कंधा पुराना टूटा हुआ है. हाथ में आते ही पता चल गया. महीनों पुराना. ऐसे हाथ से वो लड़ा कैसे?"

उस्तादजी बाजेवर बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं. "तू तो उसके गांव का है. तुझे पता नहीं था?"

मी म्हटलं, नाही.

"तू उसका भाई है या दुश्मन?"

मी म्हटलं, "पडोसी."

सगळे हसले. उस्तादजी हसले नाहीत.

बसमध्ये उभा राहून आलो, जागा असून. महीनों पुराना. म्हणजे कोरडवाडीच्या आधीचा. म्हणजे ऊन नाही, पंच नाही, पाय नाही, पाकीटही नाही.

दुकानात आलो तर स्वप्नील एकटाच होता. त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ पट्टी घासत राहिला. मग म्हणाला, "मी कुणाला बोललो नाही तू कशासाठी लावलीस ते. बोलणार पण नाही." कोरडवाडीच्या माणसाचे उपकार घ्यायची वेळ आली माझ्यावर.

२१ एप्रिल

बापूचा फोन. मिरजेच्या दवाखान्यातून. आवाज बारीक, पण खुशीत.

"डॉक्टर म्हणतात आत तार घालून शिवायला लागंल. तालमीत जानेवारीतच गेला होता रं. कोरडवाडीची कुस्ती आधीच धरलेली, मागं कसा हटू? स्वप्ना म्हणत होती, दिगूला सांग. म्हटलं कशाला, पोरगं तिकडं धुरात बसून खुराक धाडतंय, त्याला कुठल्या तोंडानं सांगू मी मोडलोय म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सगळं गाव नुरा म्हणत होतं दिगू. तालमीतली पोरं बघितली की वाट बदलायची. आणि तू कुस्ती लावलीस. तुझं नाव ऐकलं आणि म्हटलं, आता हात राहू दे नाहीतर जाऊ दे. तुझ्या बाबांनी पण आखाड्यात तेच सांगितलं, आमचा दिगू तुला वळखतो म्हणाले."

मी म्हटलं, "हं."

"हंऽ काय? बोल की. हरफूलला माझा रामराम सांग. कसला गडी निवडलास! तुझी नजर मानली."

मी म्हटलं रेंज नाही, आणि ठेवला. रेंज होती.

तेव्हापासून आत नुसती आग आहे. तात्या म्हणतात, झालं ना सगळं चांगलं, आता का फुगलाय. चांगलं? तीन महिने हा माणूस तुटका खांदा घेऊन हिंडला आणि मला सांगितलं नाही. मला! कमिटीला नाही सांगितलं, कोरडवाडीला नाही सांगितलं, मी समजू शकतो. पण माझ्याशी पाय घसरल्याच्या बाता? मी कोण आहे त्याचा? खुराकाचा दुकानदार? एक शब्द बोलला असता तर मी हे केलं असतं का? त्यानंच मला हे करायला लावलं. खांद्याचं पाप माझ्या नावावर लिहून आता वर रामराम सांगतो.

हे मी सोडणार नाही. जाणार गावाला. चौकात, सगळ्यांसमोर त्याला धरणार आणि विचारणार. आणि मी काय केलं तेही तिथंच सांगणार, मग त्याला काय करायचं ते करू दे. पण एका हाताच्या माणसाशी भांडता येत नाही. लोक मला नावं ठेवतील. तो दोन्ही हातांनी उभा पाहिजे, त्याचा डावा पहिल्यासारखा उठला पाहिजे, मग बघतो त्याच्याकडं.

डॉक्टरचं बिल काय असेल ते असो. आज तात्यांकडून उचल घेतली, उरलेल्या साठवणीत घातली, आणि स्वप्नीलनंही न विचारता काही नोटा टेबलावर ठेवल्या. बापूच्या नाही, स्वप्नाच्या खात्यावर टाकतोय, म्हणजे तो नको म्हणू शकणार नाही. बेचाळीस हजार.